रॉडवरचे ठिपके

मिस्त्री इंजिन उघडताना कागद-पेन्सिल कधी घेत नसत. त्यांच्याकडे बोटभर लांबीचा एक पोलादी पंच होता. जो भाग सुटा करायचा त्यावर पंच टेकवायचा आणि हातोडीचा हलका ठोका द्यायचा, की बारीक खड्डा पडायचा. पहिल्या सिलिंडरच्या भागावर एक ठिपका, दुसऱ्याच्या भागावर दोन, असं चारपर्यंत. तेलकट हातात कागद टिकत नाही, खडू रॉकेलात धुऊन जातो, ठिपका कुठं जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते ठिपके मी घालवले. चार रॉड आणि त्यांच्या चार कॅप, मिळून वीस ठिपके, एका रविवारी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन. मी कुठे चुकलो हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या चुकीमुळे नेमकं काय गेलं, हे मात्र अजून नीट कळलेलं नाही.

तेव्हा मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज वाघोलीच्या पुढे, राहायला स्वारगेटच्या मागच्या एका गल्लीत, गावाकडच्या दोघांबरोबर. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायचे. इंजिनियर म्हणजे इंजिन बनवणारा, असा त्यांचा सरळ हिशोब होता. सुट्टीत गेलो की विचारायचे, "उघडलं का रे एखादं?" कॉलेजात एक इंजिन होतं, अर्धं कापून लाल-निळा रंग दिलेलं. ते काचेच्या पेटीत होतं आणि पेटीला कुलूप होतं.

वर्गातली निम्मी मुलं संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. मोठ्या कंपन्या कॉलेजात यायच्या आणि मेकॅनिकलच्या मुलांनाही सॉफ्टवेअरसाठी घेऊन जायच्या. जी चार वर्षं बॉयलर आणि बेअरिंग शिकली त्यांच्यात त्यांना काय दिसत होतं, ते मला समजायचं नाही. क्लास मलाही लावायचा होता. पण मग वडिलांना काय सांगायचं? ते ठरेना, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या गॅरेजात गेलो आणि मिस्त्रींना विचारलं, "मी बघायला बसू का?"

"बघायला पिक्चर हाय का?" ते म्हणाले, आणि माझ्या हातात रॉकेलचा डबा आणि ब्रश दिला.

महिन्याभरात मी त्यांच्यासाठी 'इंजिनियर' झालो. "इंजिनियर, चौदाचा पाना." "इंजिनियर, च्या सांगा दोन." माझी वऱ्हाडी बोली ऐकून ते सुरुवातीला हसायचे. 'काऊन' म्हणालो की पुढचा अर्धा तास तेही मला 'काऊन' म्हणत. मी पुण्याचं बोलायला शिकलो ते कॉलेजात नाही, गिऱ्हाइकांकडून. त्यात सगळ्यात जास्त एका साहेबांकडून.

साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वतःही इंजिनियर. त्यांची गाडी माझ्या जन्माच्या आधीची होती. गोल दिवे, गिअरची दांडी स्टिअरिंगलाच, आणि बॉनेट उघडलं की आत उभं राहता येईल इतकी मोकळी जागा. धरणांच्या कामांवर त्यांनी ती वर्षानुवर्षं फिरवली होती. आता मुलगी सॉफ्टवेअरमध्ये लागली होती आणि तिने नवी छोटी गाडी नोंदवली होती. सोसायटीत त्यांच्या वाट्याला जागा एकाच गाडीची.

"माझं आणि मुलीचं ठरलंय," साहेब मिस्त्रींना म्हणाले. "ही कात्रजचा घाट बोगद्यापर्यंत तिसऱ्या गिअरवर चढली, तर ही राहील आणि तिची गाडी ती बाहेर रस्त्यावर लावेल. नाही चढली, तर ही विकायची. लहानपणी घाटात ही बंद पडायची, मागे ट्रक हॉर्न द्यायचे आणि ती सीटखाली लपायची. ते ती विसरलेली नाही."

"तिसऱ्यावर अवघड हाय साहेब."

"सोपं असतं तर मी कशाला आलो असतो? आणि खर्चाचं आधीच सांगतो. माझं पेन्शन आहे, धरण नाही." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "हे कोण?"

"इंजिनियर हाय."

"झालेत, की व्हायचेत?"

"तिसऱ्या वर्षाला आहे सर," मी म्हणालो.

"असं. म्हणजे परत फिरायला अजून वेळ आहे."

हा विनोद होता की सल्ला, ते मला कळलं नाही. मी हसलो आणि लगेच वाटलं, हसायला नको होतं.

साहेबांनी जी रक्कम सांगितली त्यात इंजिनची ताकद वाढवायची होती. मिस्त्रींनी तीन कामं ठरवली. हेडची, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाची, खालची बाजू लेथवर थोडी घासून घ्यायची, म्हणजे आतली जागा कमी होऊन दाब वाढतो. हवा जायच्या वाटा हाताने गुळगुळीत करायच्या, त्याला मजुरीशिवाय खर्च नाही. आणि पेट्रोल-हवा मिसळणारा मूळचा कार्बोरेटर काढून त्या जागी मोठा बसवायचा. नवा परवडणार नव्हता. जुन्या बाजारात एकाकडे मोठ्या गाडीचा एक चांगला पडून होता, मिस्त्रींनी तो हात लावून पाहून ठेवला होता. "खरी ताकद त्यात हाय," ते म्हणाले. "बाकी मीठ-मिरची."

मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन या विषयावरचं एक इंग्रजी पुस्तक शोधलं आणि त्याच्या सहा पानांच्या झेरॉक्स काढल्या. जन्मात पहिल्यांदा माझा अभ्यास आणि माझं काम एका ठिकाणी आली होती. पुस्तकात एक गोष्ट अशी होती जी मिस्त्रींनी सांगितली नव्हती. पिस्टन आणि खालचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, यांना जोडणारे रॉड घासून आरशासारखे करावेत. कारण धातूवर कुठे ओरखडा किंवा खड्डा असला की ताण तिथे गोळा होतो आणि तडा तिथूनच जातो. हे आम्हाला सरांनीही शिकवलं होतं, त्यावर परीक्षेत आठ गुणांचा प्रश्नही आला होता. शिवाय याला खर्च शून्य.

इंजिन उघडून झालं होतं. रॉडची मोठी बाजू क्रँकला मिठी मारते, म्हणून ती दोन तुकड्यांत असते. खालचा तुकडा म्हणजे कॅप, ती दोन बोल्टने बसते. रविवारी मिस्त्री सासवडला लग्नाला गेले आणि गॅरेजची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मला वाटलं, ते येईपर्यंत रॉड चकचकीत करून ठेवावेत. बोल्ट काढले, कॅप वेगळ्या केल्या, सगळ्या एकाच डब्यात रॉकेलमध्ये टाकल्या. रॉड वाइसमध्ये धरून आधी बारीक कानस फिरवली, मग पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक.

ठिपके मला दिसले होते. ते मिस्त्रींचेच आहेत हेही माहीत होतं. पण ते खड्डे होते आणि खड्ड्यापाशी ताण गोळा होतो. वाटलं, खुणा इंजिन उघडेपर्यंत कामाच्या, आता काय उपयोग? कुठला रॉड कुठला, ते मी वर्तमानपत्रावर एक ते चार अशी जागा आखून ठेवलं होतं. कॅपचं तर मला काहीच वाटलं नाही. पहिल्या वर्षी शिकलो होतो, की कारखान्यातले भाग एकसारखे असतात, कुठलाही कुठेही बसतो, म्हणून तर मोठ्या प्रमाणावर उत्पादन होतं. चारही कॅप माझ्या डोळ्यांना एकसारख्या दिसत होत्या. दुपारपर्यंत चारही रॉड असे झाले, की त्यात मला माझं नाक दिसत होतं.

सोमवारी मिस्त्री आले. रॉड पाहून ते म्हणाले, "अरे वा. सोनार झाला का काय?" एक उचलला, अंगठा फिरवला. मग थांबले. उलटा केला. दुसरा उचलला. मग डब्यातून एक कॅप काढून पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"ठिपकं?"

मी त्यांना ताणाचं सांगितलं. पुस्तकाचं पान काढून दाखवलं. ते मधे न बोलता ऐकत होते, म्हणून मला वाटलं त्यांना पटतंय.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पुस्तक बरोबर हाय. आता यातली एकची कॅप कुठली?"

मी म्हणालो, "सगळ्या सारख्याच आहेत ना?"

ते खाली बसले. शिव्या देतील असं वाटलं होतं. पण त्यांनी एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. रॉड आणि त्याची कॅप आधी बोल्टने आवळतात आणि मगच दोघांत मिळून एक भोक पाडतात. म्हणून त्या रॉडला तीच कॅप, आणि तीही त्याच बाजूने. दुसरी बसते, बोल्टही आवळले जातात, पण भोक गोल राहत नाही. केसाएवढा फरक पडला तरी क्रँकला घासतं, आणि मग घाटात इंजिन धरतं.

"धरतं म्हणजे?"

"म्हणजे संपलं. गाडी नाय, इंजिन नाय, काय नाय."

दोन्ही खरं कसं असेल, याचा मला उलगडा होईना. सरांनी खोटं शिकवलं नव्हतं. मिस्त्रीही खोटं बोलत नव्हते. मी दोन बरोबर गोष्टी केल्या होत्या आणि त्या मिळून साहेबांची गाडी जाणार होती.

"आता शोध," मिस्त्री म्हणाले. त्यांनी रीत दाखवली. एक कॅप एका रॉडला लावायची, बोल्ट आवळायचे, आतून जोडावर नख फिरवायचं. नख अडकलं तर ही जोडी नव्हे. मग कॅप उलटी फिरवून पुन्हा. तीन दिवस मी कॉलेजला गेलो नाही. चार रॉड, चार कॅप, दोन बाजू. प्रत्येक वेळी बोल्ट, प्रत्येक वेळी नख. दुसऱ्या दिवशी नख कुठे खरंच अडकतंय आणि कुठे मला नुसतं तसं वाटतंय, हेच कळेना. तरी दोन जोड्या अशा सापडल्या, की शंकाच नव्हती. जोड कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. उरलेल्या दोन रॉडांना उरलेल्या दोन कॅप दोन्ही प्रकारे जवळजवळ सारख्याच बसत होत्या.

मिस्त्रींनी स्वतः करून पाहिलं. डोळे मिटून, नखाने. मग माझ्याकडे सरकवलं. "माझं बोट आता जाड झालंय. तुझं बघ. कुठली?"

मला एक जोडी जरा बरी वाटत होती. 'ही' म्हटलं असतं तर त्यांनी ती बसवली असती, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. आणि कार्बोरेटरही आला असता. कॉलेजात आम्हाला मुलाखतीची तयारी करून घेत, तेव्हा सांगत, माहीत नाही असं कधी म्हणू नका, काहीतरी तर्क सांगा. माझ्याकडे तर्क होता. मी पुन्हा एकदा नख फिरवलं.

"नाही सांगता येत," मी म्हणालो.

चौघं सारखे राहावेत म्हणून मिस्त्रींनी चारही रॉड गोणपाटात गुंडाळले आणि बोअरिंगच्या दुकानात नेले. तिथे सगळ्या कॅपचे जोड किंचित घासून भोकं नव्याने गोल करून दिली. काम चोख झालं. त्यात कार्बोरेटरसाठी ठेवलेले पैसे गेले. साहेबांकडे आणखी मागायचे नाहीत, असं मिस्त्रींनी ठरवलं. का, ते मला सांगितलं नाही.

साहेब आले तेव्हा मी जवळच उभा होतो.

"मोठा कार्बोरेटर राहिला साहेब. पैसं रॉडमध्ये गेलं."

"रॉडना काय झालं?"

"जुनी गाडी हाय."

"ती आली तेव्हाही जुनीच होती," साहेब म्हणाले. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हातातला पाना पुसत राहिलो. पान्याला काही लागलेलं नव्हतं. मिस्त्री मला वाचवत होते, की आपल्या गॅरेजचं नाव? विचारायची हिंमत झाली नाही. आणि स्वतः बोलायचीही झाली नाही.

इंजिन बसलं. पहिल्याच चावीला चालू झालं, आवाज एकसारखा, कुठे खटका नाही. मिस्त्री बराच वेळ कान लावून ऐकत राहिले. हेड घासल्याचा आणि वाटा गुळगुळीत केल्याचा फरक जाणवत होता. सिंहगड रोडला एक फेरी मारली तर ती आधीपेक्षा हलकी पळाली. मला वाटलं, चढेल.

एका सकाळी आम्ही कात्रजला गेलो. साहेब चालवायला, मिस्त्री शेजारी, मी मागे. मुलगी आली नव्हती. "माझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे," साहेब म्हणाले. "नसता तर बरं झालं असतं."

चढ सुरू झाला तेव्हा गाडी तिसऱ्यात होती. पहिलं वळण तिने सहज घेतलं. दुसऱ्याला पुढे उसाचा एक ट्रॅक्टर होता, तो साहेबांनी मोकळी जागा बघून मागे टाकला. मिस्त्रींनी हात डॅशबोर्डवर ठेवला होता, कंप मोजत असावेत. निम्म्याहून अधिक घाट झाला. माझ्या पायाखालून रॉड फिरत होते, मीच घासलेले, आणि ते ठीक होते, एकाही रॉडने आवाज केला नाही. मग बोगद्याच्या अलीकडचं मोठं वळण आलं. चढ अंगावर आला आणि इंजिनचा आवाज जाड झाला. वेग कमी होत गेला. मागून एका ट्रकने हॉर्न दिला. साहेबांचा हात दांडीवर गेला, तिथेच थांबला.

"सर, ते रॉड माझ्यामुळे..." मी मागून म्हणालो.

"घाटात ड्रायव्हरशी बोलू नये," साहेब म्हणाले. त्यांनी क्लच दाबला आणि दुसरा टाकला. गाडी उचलली गेली आणि बोगद्यापर्यंत छान गेली.

बोगद्यापलीकडे टपरीवर चहा घेतला. मग साहेब म्हणाले, "नाही चढली."

"दुसऱ्यावर चढली की," मिस्त्री म्हणाले.

"दुसऱ्यावर ती पूर्वीही चढायची. तेवढ्यासाठी मी तुमच्याकडे येत नव्हतो." त्यांनी कप ठेवला. "ठरलं ते ठरलं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. नगरहून कुणी गिऱ्हाईक येणार होतं. इंजिनला काय काय केलंय ते कागदावर लिहून हवं होतं. "तुम्ही लिहा," साहेब मला म्हणाले. "मिस्त्रींचं हस्ताक्षर पंचाने काढलेलं असतं."

मी लिहिलं. हेड किती घासलं, वाटा कशा केल्या, रिंग नव्या, बेअरिंग नवी. चारही रॉड नव्याने बोअर केले. साहेबांनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत केला.

"बोअर का करावे लागले, ते राहिलंय."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते खिडकीतून खालच्या पार्किंगकडे बघत होते.

"घेणाऱ्याला कळायला हवं," साहेब म्हणाले. "उद्या त्याच्या मिस्त्रीने उघडलं आणि खुणा दिसल्या नाहीत, तर तो काय समजेल?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, कुणी सांगितलं, की स्वतःच ओळखलं, तेव्हाही कळलं नाही. मी खाली लिहिलं, की रॉड आणि कॅपवरच्या जोडीच्या खुणा मी घासून घालवल्या, दोन जोड्या नक्की ठरवता आल्या नाहीत, म्हणून चारही नव्याने बोअर करून घेतले. खाली माझं नाव आणि सही केली. साहेबांनी पुन्हा वाचलं.

"अक्षर चांगलं आहे," म्हणाले, आणि कागद गाडीच्या कागदांत ठेवला. रागावले नाहीत. माफही केलं असं वाटलं नाही. जाताना त्यांनी दारापर्यंत येऊन दोघांनाही नमस्कार केला.

परत येताना मी मिस्त्रींच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलं, "कार्बोरेटर बसवला असता तर चढली असती का?"

"नसती चढली."

"नक्की?"

त्यांनी स्कूटर न्यूट्रलला टाकली. पुढे बसगाड्यांची रांग होती. "तुला काय पाहिजे, नक्की, का बरं वाटंल ते?"

सिग्नल सुटला. पुढे परीक्षेच्या दिवसांत मी त्याचं गणित करून पाहिलं. घाटाचा चढ, गाडीचं वजन, आतली तीन माणसं, वाढलेला दाब, मोठ्या कार्बोरेटरमधून जास्त येणारी हवा. चढ थोडा कमी धरला तर चढत होती, थोडा जास्त धरला तर वळणावर थांबत होती. खरा चढ किती आहे ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी दोन्ही उत्तरं वहीत एकाखाली एक लिहिली आणि कुठल्याच उत्तराखाली रेघ मारली नाही.